इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पहिल्यांदाच करून घेताना

आमची इमारत मुलुंडमध्ये आहे. १९८६ साली ताबा मिळालेली, स्टिल्टवर, म्हणजे खाली मोकळ्या खांबांवर, चार मजले आणि सोळा सदनिका. सेक्रेटरीपद माझ्याकडे आले तेव्हा कपाटात आधीच्या समितीने करून घेतलेल्या स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, सहा पानी अहवाल होता. त्यासाठी आलेले गृहस्थ अर्धा दिवस थांबले, एकाही स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात गेले नाहीत, आणि त्यांनी बाहेरून नवे प्लास्टर व रंग सुचवला. सोसायटीने तो खर्च केला. तिसऱ्या पावसाळ्यात त्याच कोपऱ्यातल्या त्याच खांबावर त्याच जागी उभी भेग पुन्हा आली, फक्त या वेळी ती नव्या रंगातून दिसत होती.

दुसरे ऑडिट आम्ही डोळे उघडे ठेवून करून घेतले आणि त्यात जे शिकलो ते येथे क्रमाने लिहीत आहे. मी अभियंता नाही. हा लेखही अभियंत्याऐवजी वापरण्यासाठी नाही. तो समितीतल्या अशा सभासदासाठी आहे ज्याला हे काम पहिल्यांदाच अंगावर घ्यायचे आहे. मधल्या काही पायऱ्या कंटाळवाण्या वाटतील, परंतु भेग बुजवण्याआधी ती कशामुळे पडली हे कळले नाही तर पैसे भिंतीवर फासल्यासारखे होतात.

१. ऑडिट कधी करायचे, हे आधी पाहून घ्या

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करायचे असते. याशिवाय मुंबईत महापालिका अधिनियमाचे कलम ३५३ब आणि राज्यातील इतर महानगरपालिकांत १९४९ च्या अधिनियमाचे कलम २६५अ, ३० वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासणी बंधनकारक करते. वय ठरवताना नुसती आठवण उपयोगाची नाही. पूर्णता किंवा भोगवटा प्रमाणपत्रावरची तारीख, किंवा निम्म्या इमारतीचा प्रत्यक्ष वापर सुरू झाल्याची तारीख, यांपैकी जी आधीची ती धरतात.

मात्र वयाची वाट पाहू नये अशा काही खुणा आहेत. खांबाचे काँक्रीट फुगून बाहेर आले असेल, खांबावर एकाच आठवड्यात नव्या उभ्या भेगा उमटल्या असतील, एकाच रांगेतल्या दोन-तीन घरांचे दरवाजे एकदम चौकटीत अडकू लागले असतील, किंवा रात्री काँक्रीट तडकल्याचे आवाज येत असतील, तर सभेची नोटीस काढत बसू नका. लोकांना बाहेर काढा आणि महापालिकेला कळवा. मुंबईत आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे.

२. कागद जमवा

इंजिनियर पहिल्या भेटीत हे मागतो, आणि बहुतेक सोसायट्यांत यातले निम्मे सापडत नाहीत:

- मंजूर नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्र
- आर.सी.सी. आराखडे, म्हणजे खांब, तुळया व स्लॅबमधील सळ्यांचे तपशील
- आधीचे सर्व ऑडिट अहवाल
- आजवरच्या दुरुस्त्यांची बिले, विशेषतः गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची
- सभासदांनी अंतर्गत फेरफारासाठी घेतलेल्या परवानग्या
- गळतीच्या तक्रारींचे अर्ज, तारखांसह

आर.सी.सी. आराखडे हरवले असतील तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करून पाहा. आम्हाला मंजूर नकाशे मिळाले, सळ्यांचे तपशील मिळाले नाहीत. तसे झाले तर इंजिनियरला कव्हरमीटरने सळ्या शोधाव्या लागतात आणि त्याचा खर्च आधीच धरावा लागतो.

शेवटचा कागद, म्हणजे गळतीचे जुने अर्ज, फालतू समजून टाकून देऊ नका. चौथ्या मजल्यावरच्या एका काकूंनी नऊ वर्षांत सात वेळा तोच अर्ज दिला होता. आमच्या इमारतीचा खरा रोग त्या अर्जांत लिहिलेला होता.

३. इंजिनियर येण्यापूर्वी इमारत स्वतः फिरून पाहा

ही पायरी बहुतेक समित्या गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त उपयोग हिचाच होतो. साहित्य साधे आहे: टॉर्च, पाव किलोची हातोडी, ओळंबा, टेप, पेन्सिल, भेगांची रुंदी मोजायचे पारदर्शक कार्ड, मोबाइल आणि प्रत्येक मजल्याच्या नकाशाची एक झेरॉक्स. दोन माणसे असावीत, एकाने पाहावे आणि दुसऱ्याने नकाशावर लिहावे.

शक्य असेल तर दोनदा फिरा. एकदा भर पावसात, कारण ओल तेव्हाच खरे बोलते, आणि एकदा दिवाळीनंतर, जेव्हा प्लास्टर वाळून भेगा स्पष्ट होतात. पाणी जसे उतरते तसे तुम्हीही गच्चीपासून खाली उतरा.

गच्चीवर उतार कुठे जातो, पाण्याच्या वाटा कुठे तुंबतात, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, मुळाशी चीर आहे का, हे पाहा. मग कोब्याचे, म्हणजे गळती रोखण्यासाठी गच्चीवर घातलेल्या विटा-सिमेंटच्या थराचे, थर मोजा. प्रत्येक गळतीनंतर जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवण्याची आपल्याकडे खोडच आहे. चार इंच जाडीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा दर चौरस मीटरला जवळजवळ २०० किलो वजन टाकतो. वापरात असलेल्या गच्चीवर माणसे व सामान मिळून जो भार धरून रचना केली जाते, तो भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो असतो. म्हणजे कोब्याचा दुसरा थर टाकला की गच्ची कायमची माणसांनी खचाखच भरून ठेवल्यापेक्षाही जड होते. आमच्या गच्चीच्या एका कोपऱ्यात खोदून पाहिले तेव्हा एकावर एक तीन थर निघाले.

घरांत शिरल्यावर थेट न्हाणीघर, संडास आणि स्वयंपाकघराच्या मोरीखालच्या छताकडे जा. पोपडे, पिवळट-तपकिरी डाग, पांढरी क्षाराची भुकटी आणि गंजाच्या रेषा यांची जागा नकाशावर नोंदवा आणि वरच्या घरात त्याच जागी काय आहे तेही लिहा. पीओपीचे खोटे छत असेल तर दिव्याचे भोक काढून आत टॉर्च मारा. सभासद नाराज होतात. "आमचं घर परवाच रंगवलंय, आमच्याकडे काही नाही" हे वाक्य मी सोळापैकी पाच घरांत ऐकले आणि त्यांपैकी दोन घरांत छतामागे सळ्या उघड्या निघाल्या. म्हणून पाहणीची तारीख सर्वसाधारण सभेत ठराव करून ठेवा आणि प्रत्येकाला लेखी कळवा. मग वाद सेक्रेटरीशी न होता ठरावाशी होतो.

शाफ्टमध्ये, म्हणजे नळांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेत, सांडपाण्याच्या नळांचे जोड पाहा. भिंतीत पिंपळ किंवा वड उगवला असेल तर त्याचे मूळ कुठवर गेले आहे ते बघा, नुसता शेंडा तोडू नका. सर्वांत शेवटी स्टिल्टमध्ये या आणि प्रत्येक खांबावर हातोडीने हलकेच ठोका मारत खालून वर जा. सशक्त काँक्रीट खणखणीत वाजते. आत सळी गंजून वरचे आवरण सुटलेले असेल तर बद्द, पोकळ आवाज येतो. एक-दोन खांब ठोकले की कानाला हा फरक कळू लागतो. अशा जागी खडूने चौकट आखा आणि फोटो काढा. आमच्या आठ खांबांपैकी तीन पोकळ वाजले, आणि तिन्ही एकाच शाफ्टच्या बाजूचे होते.

याच फेरीत अंतर्गत फेरफारही नोंदवा: काढलेल्या भिंती, बाल्कनी आत घेताना फोडलेल्या तुळया, नळ नेण्यासाठी तुळईला पाडलेली भोके, पोटमाळे, वाढीव टाक्या. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साईदर्शन ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला, तेव्हा पहिली बोटे तळमजल्यावर चालू असलेल्या फेरफारांकडेच गेली होती. शेजारधर्म म्हणून ही नोंद टाळू नका.

४. भेग वाचायला शिका

प्रत्येक भेग घाबरण्यासारखी नसते, आणि जी घाबरण्यासारखी असते ती बरेचदा केसाएवढीच दिसते. तिची दिशा, जागा आणि ती वाढते आहे की नाही, या तीन गोष्टी रुंदीपेक्षा जास्त सांगतात.

प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या बारीक रेषा बहुधा प्लास्टर आकसल्याच्या असतात. तुळईच्या खालच्या कडेशी आणि विटांच्या भिंतीच्या माथ्याशी पडलेली आडवी रेघ म्हणजे वीट आणि काँक्रीट ऊन-थंडीत वेगवेगळे हलल्याची खूण. ती दिसायला वाईट असली तरी इमारत पाडत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी चीर, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर गच्चीच्या स्लॅबखाली भिंतीत पडलेली आडवी चीर, या दोन्हींमागे बहुतेक वेळा उष्णतेने होणारे प्रसरण असते.

आता काळजीच्या भेगा. खांबाच्या कोपऱ्याला समांतर उभी, किंवा तुळईच्या बुडाशी लांबीला धरून जाणारी भेग म्हणजे त्या रेषेत आतली सळी गंजते आहे असे समजा. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, आणि ती जागा तो काँक्रीटला आतून फोडून मिळवतो. तुळईच्या टोकाजवळ, खांबाला लागून तिरकी जाणारी भेग त्याहून गंभीर, कारण तेथे तुळई भार पेलताना कातरली जाण्याची शक्यता असते. विटांच्या भिंतीत पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी आणि एका टोकाला रुंद होत जाणारी भेग पाया असमान खचल्याची शंका उत्पन्न करते. सामान्य परिस्थितीतल्या काँक्रीटसाठी भेगेची पृष्ठावरची रुंदी ०.३ मिलिमीटरच्या आत असावी, असे आयएस ४५६ ही काँक्रीटची भारतीय संहिता सांगते. कार्ड वापरायचे ते त्यासाठी.

भेग जिवंत आहे की मेलेली, हे ओळखण्याची जुनी युक्ती अजूनही चालते. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहा. आणि काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. काच तडकली की भेग हलते आहे. दोन-तीन महिने थांबण्याची तयारी ठेवा. समितीत कोणीतरी "भरून टाका एकदाची" म्हणतोच, त्याला काच दाखवावी.

५. इंजिनियर निवडताना

महापालिकेच्या यादीतला नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरच घ्या आणि त्याच्या नोंदणीची मुदत तपासा. तीन दरपत्रके मागवा, पण प्रत्येकाला कामाची व्याप्ती तुम्ही लिहून द्या: किती घरांत जाणार, कोणत्या चाचण्या किती ठिकाणी करणार, अहवालात नकाशे आणि फोटो असणार का. व्याप्ती न लिहिता मागवलेले सर्वांत कमी दरपत्रक म्हणजे गेटवरून इमारत पाहून जाणारा माणूस, हे आम्ही पैसे देऊन शिकलो.

दुसरा सापळा त्याहून गोड असतो. दुरुस्तीचा ठेकेदार "ऑडिट आमच्याकडून मोफत" म्हणतो. ज्याला प्लास्टर विकायचे आहे त्याला सगळीकडे प्लास्टरच गेलेले दिसते. ऑडिट करणारा आणि दुरुस्ती करणारा यांचा परस्परांशी काहीही संबंध नसावा. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर विकासकाने पाठवलेल्या इंजिनियरबाबतही हेच लागू आहे.

६. चाचण्या: काय विचारतात, काय सांगतात

अभियंत्याच्या डोळ्यांनी केलेली पाहणी आधी आणि चाचण्या नंतर, असा क्रम असावा. चाचणीच्या जागा तुमच्या नकाशावरच्या खुणांवरून ठरवा. वाईट जागांबरोबर दोन-तीन चांगल्या दिसणाऱ्या जागाही घ्या, नाहीतर तुलना करायला काही उरत नाही.

रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो. तो प्लास्टर काढून थेट काँक्रीटवर मारावा लागतो. प्लास्टरवर घेतलेले आकडे प्लास्टरचेच असतात, आणि असे अहवाल मी पाहिले आहेत. जुन्या, कार्बोनेशन झालेल्या (हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या) काँक्रीटचा पृष्ठभाग कठीण होतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा चांगला येतो, आणि ओल्या पृष्ठभागावर तो कमी येतो. या चाचणीतून काढलेल्या ताकदीत २५ टक्क्यांपर्यंत फरक धरावा लागतो.

अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, म्हणजे यूपीव्ही, ध्वनिलहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते मोजते. आत पोकळी किंवा भेग असेल तर लहर वळसा घालते आणि वेग घटतो. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या खाली आकडा गेला की पुढची तपासणी मागायची, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. येथे ओलीचा परिणाम उलटा होतो, ओल्या काँक्रीटमध्ये वेग वाढून दिसतो. म्हणून या दोन चाचण्या एकत्र वाचतात. या चाचण्यांची जुनी संहिता आयएस १३३११ होती, आता ती आयएस ५१६ च्या भाग ५ मध्ये आली आहे.

हाफ सेल पोटेन्शियल सळी गंजण्याची शक्यता सांगते. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात, आणि उणे २०० ते उणे ३५० या पट्ट्यात काहीच ठामपणे म्हणता येत नाही. किती लोखंड खाल्ले गेले आहे, हे मात्र ती सांगत नाही. त्यासाठी आवरण फोडून सळीचा व्यास कॅलिपरने मोजावा लागतो.

कार्बोनेशनची चाचणी सर्वांत स्वस्त आणि सभासदांना पटवायला सर्वांत चांगली. चांगल्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळी गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला की हे संरक्षण संपते. आमच्या स्टिल्टमधल्या पोकळ वाजणाऱ्या खांबाचा कोपरा इंजिनियरने छिन्नीने उडवला, धूळ फुंकली आणि फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले. आतला भाग क्षणात जांभळट गुलाबी झाला, बाहेरचा सुमारे ३० मिलिमीटरचा पट्टा मात्र राखाडीच राहिला, आणि सळी होती २५ मिलिमीटरवर. जमलेल्या सभासदांपैकी कोणालाही यानंतर काही समजावून सांगावे लागले नाही.

कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल कापून प्रयोगशाळेत दाबून पाहणे, ही ताकदीची सर्वांत थेट चाचणी आहे. तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि कोणताही एक ७५ टक्क्यांच्या वर, हा आयएस ४५६ चा निकष आहे. जुन्या इमारतीत मुळात एम१५ प्रतीचे (आकडा जितका मोठा तितकी ताकद जास्त) काँक्रीट असण्याची शक्यता बरीच असते, कारण आर.सी.सी.साठी किमान एम२० ची अट २००० सालच्या आवृत्तीत आली. निकाल एम२० शी तुलना करून दिला असेल तर का, हे विचारा. आणि कोअर काढताना सळी कापली जाणार नाही, व भोक त्याच दिवशी न आकसणाऱ्या ग्राऊटने, म्हणजे पातळ सिमेंट मिश्रणाने, भरले जाईल, याकडे स्वतः उभे राहून लक्ष द्या.

७. अहवाल स्वीकारण्यापूर्वी

मुंबई महापालिकेच्या पद्धतीत अहवालाचा शेवट एका प्रवर्गात होतो. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडण्याची. सी-२अ म्हणजे रिकामी करून किंवा काही भाग पाडून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे न हलता करता येणारी संरचनात्मक दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ. या एका अक्षर-आकड्यावर लोकांची घरे ठरतात, म्हणून तो कोणत्या निरीक्षणांवरून आला हे प्रत्येक मजल्यासाठी वाचता आले पाहिजे. अहवालातला फोटो कोणत्या खांबाचा हे लिहिलेले नसेल, तर अहवाल परत पाठवा. भाडेकरू आणि मालक, किंवा सोसायटीतलेच दोन गट, परस्परविरोधी अहवाल घेऊन आले तर मुंबईत प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते.

अहवालात "कारण" असा स्वतंत्र भाग आहे का, ते अवश्य पाहा. आमच्या पहिल्या अहवालात तो नव्हता. दुसऱ्यात स्पष्ट लिहिले होते की चौथ्या मजल्यापासून सांडपाण्याच्या नळाचा एक जोड शाफ्टमध्ये झिरपतो आहे, ते पाणी शाफ्टच्या बाजूच्या तीन खांबांत वर्षानुवर्षे मुरले आहे, आणि बाहेरून रंग दिल्याने ओल आत कोंडली गेली. काकूंचे सात अर्ज याच जोडाबद्दल होते.

८. दुरुस्तीचा क्रम

आधी पाणी थांबवा: नळ, न्हाणीघरे, गच्ची. मग टेकू लावून खांब, त्यानंतर तुळया, शेवटी स्लॅब, आणि सर्वांत नंतर प्लास्टर व रंग. ठेकेदार बहुधा उलट्या क्रमाने सुरुवात करू पाहतो, कारण रंग दिसतो आणि बिल निघते.

काँक्रीट फोडल्यावर गंजलेला भाग अंदाजापेक्षा जास्त निघतो, हे धरूनच चाला. करारात दर नगाऐवजी प्रत्यक्ष मोजमापावर ठरवा आणि वाढीव कामासाठी रक्कम बाजूला ठेवा. सळी साफ करून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टर भरण्याआधी प्रत्येक उघड्या खांबाचा फोटो इंजिनियरच्या समोर काढून घ्या. एकदा मॉर्टर भरले की आत काय केले ते कोणालाही दाखवता येत नाही. आमच्या खांबांवर फोटोसाठी खडूने क्रमांक, मजला आणि तारीख लिहून ठेवली होती. तो फोटोंचा संच, नकाशांच्या त्या झेरॉक्स आणि काचपट्ट्यांची वही आता सोसायटीच्या कपाटात एकाच फाइलमध्ये आहेत, पुढच्या तीन वर्षांनी जो सेक्रेटरी असेल त्याच्यासाठी.